चिऱ्यापासून गाळापर्यंत : गोमंतकाच्या भूमीतील शिलाचक्र

एखादी गोष्ट कायमची आहे असे सांगावयाचे असेल, तर मराठी माणूस तिला ‘काळ्या दगडावरची रेघ’ म्हणतो. दगडाइतके टिकाऊ दुसरे काही नाही, हा समज या म्हणीमागे आहे. माणसाच्या आयुष्याच्या मापाने तो खोटाही नाही. आजोबांनी बसविलेला उंबरठा नातवाच्या काळीही तसाच असतो. परंतु पृथ्वीचे वय सुमारे ४५० कोटी वर्षांहून अधिक आहे. त्या मापाने पाहिले, तर दगडही जन्माला येतो, झिजतो, मातीला मिळतो आणि पुन्हा नव्या रूपाने उभा राहतो. निसर्गातील या अखंड फेऱ्याला ‘शिलाचक्र’ अशी संज्ञा आहे.

हे चक्र समजावून घेण्यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. गोमंतकातील कोणत्याही जुन्या घराच्या अंगणात उभे राहिले तरी पुरे. घराच्या भिंती तांबड्या चिऱ्यांच्या असतात. स्वयंपाकघरातील रगडा काळ्या पाषाणाचा असतो. भिंतीच्या गिलाव्यात नदीची वाळू व शिंपल्या भाजून केलेला चुना असतो. मागील दारच्या कुळागरात डोंगरावरून वाहून आलेली माती असते. चिरा, पाषाण, वाळू, चुना आणि माती ही एकाच घरातील पाच द्रव्ये. पण प्रत्येकाची जन्मकथा निराळी आहे. तरीही त्या सर्व कथा अखेर एकमेकींत गुंतलेल्या आहेत. त्या कशा, याचा परिचय प्रस्तुत लेखात करून देण्यात येत आहे.

शिलाचक्राची कल्पना

खडक बदलतात आणि त्यांच्या बदलाला अपार काळ लागतो, हा विचार स्कॉटलंडमधील जेम्स हटन या अभ्यासकाने १७८५ साली एडिंबरो येथील रॉयल सोसायटीपुढे मांडला. हटन हा स्वतः शेती करणारा गृहस्थ होता. पावसाने शेतातील माती वाहून जाते, हे त्याने प्रत्यक्ष पाहिले होते. माती अशीच जात राहिली तर एक दिवस सारी जमीन समुद्रात जाऊन मिळेल. तसे होत नाही, त्या अर्थी कोठेतरी नवी जमीन तयार होत असली पाहिजे, असा त्याचा तर्क होता.

१७८८ साली सिकर पॉइंट नावाच्या समुद्रकाठच्या कड्यावर त्याला या तर्काचा पुरावा मिळाला. तेथे खाली ग्रेवॅक नावाच्या करड्या खडकाचे थर भिंतीसारखे उभे होते आणि त्यांच्या माथ्यावर तांबड्या वालुकाश्माचे थर किंचित उतरते पसरले होते. खालचे थर आधी गाळ म्हणून समुद्रतळाशी आडवे साचले असणार. मग ते घट्ट होऊन दगड बनले, भूगर्भातील दाबाने उभे झाले, वर उचलले गेले आणि झिजले. त्यानंतर त्यांच्यावर नवा गाळ साचून त्याचाही दगड झाला. एका कड्यावर चक्राचे दोन फेरे एकावर एक लिहिलेले होते.

हे चक्र दोन शक्तींवर चालते. एक शक्ती पृथ्वीच्या पोटातील उष्णतेची. ती खडक वितळविते, दाबते, उचलते. दुसरी शक्ती सूर्याची. सूर्यामुळे वारा वाहतो, पाऊस पडतो, नद्या धावतात. ती शक्ती वर आलेला खडक झिजवून पुन्हा खाली नेते. एक उभारते, दुसरी उतरविते. या दोहोंमधून खडकांची तीन घराणी जन्माला येतात : अग्निजन्य, स्तरित आणि रूपांतरित.

पहिले घराणे : अग्निजन्य खडक

भूपृष्ठाखाली काही ठिकाणी खडक वितळून त्याचा रस होतो. त्याला शिलारस म्हणतात. हा रस भूपृष्ठावर आला की त्याला लाव्हा हे नाव मिळते. तो थिजून जो दगड होतो, तो अग्निजन्य खडक होय.

रस किती वेगाने थिजतो यावर दगडाचे रूप ठरते. गृहिणींना हे तत्त्व परिचित आहे. साखरेचा पाक सावकाश निवू दिला तर खडीसाखरेचे मोठे स्फटिक तयार होतात. तोच पाक चिक्कीसाठी ताटावर झटकन ओतला तर त्यात स्फटिक दिसत नाहीत. खडकाचेही तसेच आहे. खोल भूगर्भात लाखो वर्षे मंद गतीने निवालेल्या शिलारसाचा ग्रॅनाइट होतो. त्यातील पांढरे, गुलाबी, काळे दाणे साध्या डोळ्यांना दिसतात. काणकोण परिसरात असा भरड दाण्यांचा ग्रॅनाइट उघडा पडलेला आहे. तो दोनशे कोटी वर्षांहून अधिक जुना आहे. एके काळी भूगर्भात खोल असलेला हा दगड आज पायाखाली दिसतो, यावरूनच त्याच्या माथ्यावरचे केवढे ओझे झिजून गेले असेल, याची कल्पना येते.

भूपृष्ठावर त्वरेने थिजलेल्या रसाचा बेसाल्ट होतो. हाच काळा पाषाण. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला भेगा पडून त्यांतून लाव्हा बाहेर आला. अशा लाव्ह्याचे तापमान सुमारे १,१०० ते १,२०० अंश सेल्सिअस असते. तो एकदाच येऊन थांबला नाही. थरावर थर साचत गेले आणि पश्चिमेकडे त्यांची जाडी सुमारे दोन किलोमीटरपर्यंत पोहोचली. आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या थरांनी व्यापलेला आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग, माळव्याचे पठार आणि बेळगाव जिल्ह्याचा उत्तर भाग त्यातच येतो. इंदूरची काळी जमीन ही याच पाषाणाची लेक. गोमंतकात मात्र हा दगड ईशान्य कोपऱ्यात, सह्याद्रीच्या कुशीत, थोडासाच आढळतो.

सह्याद्रीच्या कड्यांकडे दुरून पाहिले असता पायऱ्यांसारखे टप्पे दिसतात. एकेक टप्पा म्हणजे लाव्ह्याचे एकेक थर. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पट्टा आढळतो. एक थर थिजल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात पहिल्याच्या माथ्यावर ऊनपावसाने माती झाली. पुढचा लाव्हा तिच्यावर पसरला व ती भाजून निघाली. म्हणजे अग्नीचा खेळ चालू असतानाही पाऊस आपले काम थांबवीत नव्हता.

दुसरे घराणे : स्तरित खडक

खडक उघडा पडला की त्याची झीज सुरू होते. दिवसा उन्हाने तो तापतो, रात्री निवतो आणि त्याला बारीक तडे जातात. तड्यांत पाणी शिरते, झाडाची मुळे शिरतात. पावसाच्या पाण्यात हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळून ते किंचित आम्ल होते व खनिजांना हळूहळू पोखरते. या क्रियेला विदारण म्हणतात. सुट्या झालेल्या कणांना नदी उचलून नेते.

म्हादई नदी बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात उगम पावते आणि मांडवी या नावाने पणजीजवळ समुद्राला मिळते. उगमाजवळ तिच्या पात्रात मोठे धोंडे असतात. पुढे गुळगुळीत गोटे लागतात. त्यापुढे वाळू आणि मुखाजवळ मऊ गाळ. प्रवाहाचा वेग कमी होत जातो तसतसे नदी आधी जड ओझे टाकते, मग हलके. एखादा हमाल थकत जाताना पाठीवरचे एकेक गाठोडे उतरवीत जावा, तसाच हा प्रकार. गोमंतकातील खाजन शेतीची जमीन नद्यांनी आणि भरतीने आणून टाकलेल्या या गाळाचीच आहे. बांध घालून पूर्वजांनी ती भातासाठी राखली. शिलाचक्राच्या प्रवासात मध्येच थांबलेले हे खडकाचे कण होत.

गाळाचे थर एकावर एक साचले, वरच्या ओझ्याने खालचे दाबले गेले आणि पाण्यातील चुना, सिलिका किंवा लोह कणाकणांमध्ये बसून त्यांना चिकटवीत गेले की स्तरित खडक तयार होतो. वाळूचा वालुकाश्म होतो, चिखलाचा शेल होतो आणि शंखशिंपल्यांचा व समुद्री जीवांच्या कवचांचा चुनखडक होतो. घराच्या गिलाव्यासाठी ज्या शिंपल्या भाजल्या जातात, त्या समुद्रतळाशी पुरल्या गेल्या असत्या तर पुढे त्यांचाच चुनखडक झाला असता.

गोमंतकाच्या पूर्वेस, कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात, बदामीचे कडे तांबूस वालुकाश्माचे आहेत. चालुक्य कारागिरांनी त्यांत लेणी कोरली. तेथील तिसऱ्या लेण्यातील शिलालेख इ. स. ५७८ चा आहे. लेण्यांच्या भिंतींवर वालुकाश्माचे तिरपे-आडवे पट्टे स्पष्ट दिसतात. ते कोणी रंगविलेले नाहीत. प्राचीन प्रवाहांनी वाळू जशी पसरली, तशीच ती दगडात गोठून राहिली आहे. बेळगाव जिल्ह्यातील गोकाक येथे घटप्रभा नदी सुमारे ५२ मीटर खाली कोसळते, तोही कडा अशाच प्राचीन वाळूच्या खडकाचा आहे. एका युगातील नदीने वा समुद्राने साठविलेली वाळू दुसऱ्या युगातील नदी आज पुन्हा झिजवीत आहे. शिलाचक्र यापेक्षा अधिक स्पष्टपणे कोठे पाहावयास मिळणार?

तिसरे घराणे : रूपांतरित खडक

जुना खडक भूगर्भात खोल गाडला गेला, तर तेथील उष्णता व दाब यांमुळे तो न वितळताही बदलतो. त्याचे कण नव्याने रचले जातात, नवी खनिजे जन्माला येतात. चुनखडकाचा संगमरवर होतो, वालुकाश्माचा क्वार्टझाइट होतो, चिखलाच्या शेलची प्रथम पाटीचा दगड व पुढे पापुद्र्यांचा सुभाजा खडक बनतो. कच्ची वीट भट्टीत भाजली की माती तीच राहते, पण गुण पालटतात. रूपांतरित खडकाची गोष्ट अशीच आहे. फरक इतकाच की येथे भट्टीबरोबर डोंगराएवढा दाबही असतो.

गोमंतकाची बहुतेक भूमी या तिसऱ्या घराण्याची आहे. अनमोड घाटात आढळणारा पट्ट्यापट्ट्यांचा नाइस खडक तीनशे कोटी वर्षांहून अधिक जुना असून तो भारतातील अतिप्राचीन खडकांपैकी एक आहे. त्याच्या जोडीला जे खडक आढळतात, त्यांच्या गटांना भूशास्त्रज्ञांनी बार्से, सावर्डे, डिचोली आणि वाघेरी अशी येथल्याच ठिकाणांची नावे दिली आहेत. आपल्या गावाचे वा डोंगराचे नाव शास्त्रीय ग्रंथांत खडकाला मिळालेले आहे, ही गोष्ट त्या त्या ठिकाणच्या विद्यार्थ्यांना अवश्य सांगावयास हवी.

बार्से गटात हिरवट छटेचे खडक आहेत. त्यांत कोठे कोठे उशांच्या राशीसारखे आकार दिसतात. लाव्हा पाण्याखाली बाहेर पडला की त्याचे असे गोळे थिजतात. म्हणजे जेथे आज रान आहे, तेथे त्या काळी पाणी होते. सावर्डे गटात ग्रेवॅक हा गाळाचा खडक रूपांतरित स्थितीत आढळतो. पणजीजवळ दोनापावलाच्या किनाऱ्यावर लाटा ज्या करड्या दगडांवर आपटतात, ते याच जातीचे आहेत. हटनने सिकर पॉइंट येथे पाहिलेला खालचा खडकही ग्रेवॅकच होता; मात्र दोनापावलाचा त्याहून कितीतरी जुना. सावर्डे गटातच काही ठिकाणी असा खडक आहे, की ज्याच्या पोटात आणखी जुन्या खडकांचे गोल गोटे घट्ट बसलेले दिसतात. त्या गोट्यांचा मूळ खडक आधी झिजला असला पाहिजे, नदीने तो घोळवून गुळगुळीत केला असला पाहिजे आणि मग गाळात तो बंदिस्त झाला असला पाहिजे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या त्या काळीही दगड आधीच जुना झालेला होता.

डिचोली गटातील खडकांनी गोमंतकाचे अलीकडचे जीवन घडविले. प्राचीन समुद्रांच्या पाण्यात लोह विरघळलेल्या स्थितीत होते. सूक्ष्म जीवांनी निर्माण केलेल्या प्राणवायूशी संयोग होऊन ते तळाशी बसू लागले. एक पट्टा लोहाचा, एक सिलिकेचा, अशा रचनेचा पट्टित लोहखडक तयार झाला व पुढे दाबाने त्याला घड्या पडल्या. डिचोली, सत्तरी, सांगे आणि केपे या तालुक्यांतून जाणारा खाणपट्टा तो हाच. पुढे भूपृष्ठाजवळ पावसाच्या पाण्याने त्यातील सिलिका विरघळवून नेली व मागे राहिलेले लोह अधिकाधिक समृद्ध झाले. ज्या खनिजाची जगभर निर्यात झाली, त्याची प्रत वाढविण्याचे काम लाखो वर्षांच्या पावसाने केले होते.

जांभा : घराण्याबाहेरचा दगड

आता प्रश्न उरतो चिऱ्याचा. गोमंतक आणि कोकण यांची ओळख ज्या तांबड्या दगडाने होते, तो जांभा खडक या तिन्ही घराण्यांत सरळपणे बसत नाही. तो शिलारसापासून थिजलेला नाही, भूगर्भात दाबून बदललेला नाही आणि बहुतांशी दुरून वाहून आलेल्या गाळाचाही नाही. तो जागच्या जागी झालेला, झिजेतून मागे उरलेला खडक आहे.

उष्ण प्रदेशात चार महिने मुसळधार पाऊस आणि उरलेले महिने कडक ऊन असा ऋतुक्रम असला, की खडकातील सिलिका, चुना, सोडियम, पोटॅशियम इत्यादी द्रव्ये पाण्याबरोबर निघून जातात. लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे न विरघळता मागे राहतात. पावसाळ्यात पाणीपातळी वर येते, उन्हाळ्यात खाली जाते. या चढउतारात लोह गोळा होऊन घट्ट होते आणि छिद्रांनी भरलेला तांबडा खडक तयार होतो. मूळ दगड बेसाल्ट असो, सुभाजा असो वा ग्रेवॅक, योग्य हवामान आणि पुरेसा काळ मिळाला तर त्याच्या माथ्यावर जांभा तयार होऊ शकतो. लेक अनेक घरांच्या, पण सासर एकच, असा हा प्रकार आहे.

या खडकाला इंग्रजीत रूढ झालेले ‘लॅटराइट’ हे नाव फ्रान्सिस बुकानन याने दिले. केरळातील अंगाडिपुरम येथे लोक या दगडाचे चौकोनी ठोकळे कापून घरे बांधतात, हे त्याने पाहिले. ‘वीट’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याने दगडाला नाव दिले आणि आपल्या १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात ते नमूद केले. जगभरच्या शास्त्रात रूढ झालेल्या या नावामागे, चिरे पाडणाऱ्या साध्या कारागिरांचे हस्तकौशल्य आहे.

चिरा जमिनीत ओला असतो तोवर तुलनेने मऊ असतो, म्हणून तो कापता येतो. हवेत वाळल्यावर तो कठीण होतो व पुन्हा भिजविला तरी पहिल्यासारखा मऊ होत नाही. या गुणामुळेच हरवळे येथील लेणी जांभ्यात कोरता आली. उसगाळीमळ येथे कुशावती नदीच्या काठी प्रागैतिहासिक मानवाने प्राण्यांची व इतर चित्रे कोरली, तीही जांभ्याच्या कातळावरच.

तथापि जांभा अमर नाही. जुन्या गोव्यातील बॉम जेझूची बासिलिका १६०५ साली पूर्ण झाली. तिच्या बांधकामात जांभा वापरलेला असून दर्शनी भागावरील कोरीव कामासाठी वसईकडून आणलेला काळा पाषाण योजिला आहे. १९५०च्या दशकात बाहेरचा चुन्याचा गिलावा काढून टाकण्यात आला आणि तांबडा दगड उघडा पडला. तेव्हापासून पावसाचे पाणी सरळ त्याच्या छिद्रांत शिरत आले आहे व उघड्या चिऱ्यांची झीज हा वास्तुतज्ज्ञांच्या काळजीचा विषय झाला आहे. चिऱ्याच्या भिंतीला चुन्याचा गिलावा देण्याची जुनी रीत केवळ शोभेसाठी नव्हती, हे त्यावरून ध्यानी येते. डोंगरावर जी विदारणाची क्रिया चालते, तीच भिंतीवरही चालते.

सडा आणि गावचे पाणी

शिलाचक्राचे ज्ञान केवळ परीक्षेपुरते नाही. गोमंतकातील अनेक गावांचे पाणी त्यावर अवलंबून आहे.

जांभ्याच्या सपाट पठाराला सडा म्हणतात. उन्हाळ्यात तो ओसाड, काळवंडलेला व निरुपयोगी दिसतो. पावसाळ्यात मात्र त्याच्या छिद्रांतून व भेगांतून पाणी आत झिरपते. जांभ्याच्या खाली बहुधा पांढरट वा गुलाबी, शाडूसारखी चिकण माती असते. तिच्यातून पाणी सहजी खाली जाऊ शकत नाही. ते तिच्या माथ्यावरून आडवे सरकत पठाराच्या पायथ्याशी झरीच्या रूपाने बाहेर पडते. त्या झरीवर कुळागर उभे राहते, विहिरी भरतात, वायंगणाची शेती होते. वरचा सडा म्हणजे गावाच्या डोईवरची पाण्याची घागर आणि खालची चिकण माती म्हणजे त्या घागरीचा तळ होय.

या घागरीचे तोंड बंद केले, म्हणजे सडा सरसकट काँक्रीटने झाकला, तर पाणी आत न जाता वाहून जाते. तिची भिंत फोडली, म्हणजे चिरेखाण जांभा संपेपर्यंत खोल नेली, तर पाणी धरून ठेवणारा थरच नाहीसा होतो. उतार उभा कापला, तर पावसात भिजलेली चिकण माती वरच्या दगडासह घसरण्याचा धोका असतो. विहीर मार्चमध्येच का आटली, याचे उत्तर पुष्कळदा विहिरीत सापडत नाही, तर डोंगरावर सापडते.

लोहखनिजाच्या खाणींनीही हाच धडा दिला आहे. पाणीपातळीच्या खाली गेलेल्या खाणीतून सतत पाणी उपसावे लागते आणि त्याचा परिणाम भोवतालच्या विहिरींवर होतो. खनिजावरील टाकाऊ मातीचे ढीग पावसात धुपले की तो गाळ ओढ्यांत व शेतांत उतरतो. गोमंतकातील खाणकाम २०१२ साली थांबविण्यात आले. पुढे २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे दुसरे नूतनीकरण रद्द ठरविले. त्या निर्णयांनी हजारो कुटुंबांच्या चरितार्थाचा प्रश्न उभा राहिला, हेही तितकेच खरे. पोटाला काम हवे आणि विहिरीला पाणी हवे, या दोन्ही गरजा त्याच गावांच्या, बहुधा त्याच घरांच्या आहेत. म्हणून किती काढावयाचे, कोठून काढावयाचे आणि काढल्यावर जमीन कशी सोडावयाची, हे प्रश्न प्रत्येक वेळी विचारावे लागतात.

येथेच शिलाचक्राचा मुख्य धडा आहे. चक्र थांबत नाही हे खरे. झिजलेला दगड कोठेतरी पुन्हा दगड होतो, हेही खरे. पण ते चक्र माणसाच्या पंचांगाने चालत नाही. मांडवीने समुद्रात नेलेला गाळ पुढे खडक होईल आणि कदाचित डोंगर होऊन उभा राहील. एव्हरेस्टच्या शिखराजवळील चुनखडकात समुद्री जीवांचे अवशेष सापडतात, ही त्या उलथापालथीची साक्ष आहे. भूखंड वर्षाला काही सेंटिमीटर सरकतात. त्या गतीने समुद्रतळाचे शिखर व्हावयास कोट्यवधी वर्षे लागली. बोटभर सुपीक माती व्हावयास शेकडो वर्षे लागतात. चिऱ्याचा थर व्हावयास लाखो वर्षे लागतात. चिरेखाणीत तो काही महिन्यांत संपतो. निसर्ग भरपाई करतो, पण त्या भरपाईची वाट पाहण्याइतके आयुष्य कोणत्याही गावाला लाभलेले नाही.

काय करता येईल?

जांभा हा कायद्याने गौण खनिज मानला जातो व त्याच्या उत्खननास परवाना लागतो. परवान्याच्या अटी म्हणजे केवळ कागदी सोपस्कार नव्हेत. खाण सुरू करताना वरची माती बाजूला राखून ठेवावी. काम संपल्यावर खड्डा भरून ती माती पुन्हा वर पसरावी व तेथे झाडे लावावीत. झरीच्या माथ्यावरील भाग खोदकामातून वगळावा. खाणीच्या तळाशी जांभ्याचा काही थर राखावा. चिकण माती उघडी पाडू नये. पंचायतींनी आपल्या हद्दीतील झरी व विहिरींची नोंद ठेवून प्रत्येक महिन्यास पाण्याची पातळी लिहून ठेवली, तर पुढे निर्णय घेताना अंदाजाऐवजी आकडे हाताशी राहतील. घर बांधणाऱ्यांनीही चिऱ्याच्या भिंतीचे पावसाच्या झोतापासून रक्षण करावे. भिंत जितकी अधिक टिकेल, तितका नवा चिरा कमी लागेल. जुन्या घराचे सुस्थितीतील चिरे पुन्हा वापरणे, हाही एक मार्ग आहे.

शिक्षकांना हा पाठ गावातच शिकविता येईल. त्यासाठी काही सोपे प्रयोग पुढे दिले आहेत.

एक, काचेच्या बरणीत पाणी घेऊन त्यात मूठभर गोटे, वाळू व माती टाकावी, बरणी ढवळून स्थिर ठेवावी. आधी काय बसते व शेवटी काय बसते, हे विद्यार्थ्यांनी लिहावे. नदी आपले ओझे कसे उतरविते, ते त्यातून कळेल.

दोन, शिंपल्याच्या चुऱ्यावर लिंबाचा रस टाकावा. बुडबुडे येतात. आम्लामुळे चुना कसा विरघळतो, त्याचे हे प्रात्यक्षिक होय.

तीन, गुळाची ढेप किसावी. तो कीस म्हणजे झिजलेले कण. मुठीत घट्ट दाबला की त्याचा लाडू होतो, तो स्तरित खडक. तो लाडू थोडा ऊबवून पाटाखाली दाबला की त्याचे रूप पालटते, तो रूपांतरित खडक. कढईत वितळवून ताटात ओतला की थिजतो, तो अग्निजन्य खडक. आणि थिजलेला गूळ पुन्हा किसता येतो. शिलाचक्राचा पूर्ण फेरा एका ढेपेत पाहावयास मिळतो. प्रयोगानंतर गूळ मुलांना वाटून टाकावा. धडा अधिक काळ लक्षात राहील. वितळविण्याचे काम मात्र शिक्षकांनी स्वतः करावे.

चार, प्रत्येक विद्यार्थ्याने घराजवळचा एक दगड आणून त्याचे ठिकाण, रंग, दाणे, पट्टे व छिद्रे यांची नोंद करावी. वर्षाअखेरीस शाळेत गावच्या दगडांचे छोटे संग्रहालय उभे राहील. संरक्षित स्थळांवरील दगड मात्र कोणीही उचलू नये.

काळ्या दगडावरची रेघही एक दिवस पुसली जाते. दगड मातीत जातो, माती समुद्रात जाते आणि समुद्रतळ पुन्हा डोंगर होतो. हा फेरा माणसाने सुरू केलेला नाही व त्याला तो थांबविताही येणार नाही. त्याच्या हाती एवढेच आहे, की या फेऱ्यातील जो टप्पा त्याच्या वाट्याला आला, त्याचा जपून उपभोग घ्यावा. गोमंतकाच्या वाट्याला चिऱ्याचा सडा, सड्याखालची झर आणि झरीवरचे कुळागर आले आहे. यांतील पहिले राखले, तर उरलेली दोन आपोआप राहतील.